परड्यातला केवडा

भाद्रपदात बाजारातून केवड्याचं एक कणीस आणून देवघरात ठेवावं. रात्री बाहेरून येऊन दार उघडलं, की घरभर त्याचाच वास असतो. हा वास येतो तरी कुठून? पिवळट-पांढरी काटेरी पानं एकेक करून सोलत गेलं, की आत परागांनी भरलेले तुरे सापडतात. फूल म्हणून आपण जे विकत घेतो, ते या तुऱ्यांना लपेटणाऱ्या पानांसकट आख्खं कणीस असतं, आणि ते असतं नर झाडाचं. केवड्यात नर वेगळा, मादी वेगळी. मादीला अननसासारखं फळ धरतं, पिकलं की नारिंगी होतं. घमघमाट मात्र सगळा नराकडे. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात याच कणसांचं अत्तर काढतात. त्या तेलात सर्वांत मोठा वाटा फिनाइल इथाइल मिथाइल इथर या एकाच द्रव्याचा. नाव रुक्ष आहे, पण बिर्याणीपासून पानाच्या विड्यापर्यंत ओळखू येणारा केवडा तो हाच.

हे बारमाही हिरवं झुडूप मूळचं किनाऱ्यावरचं आणि ओढ्याकाठचं. बेळगावचं अनगोळ समुद्रापासून घाट चढून आलेलं, साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवरचं. पण इथे ओल आहे. अनगोळ-येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाला फुगला की भातात पाणी दिवसेंदिवस उभं राहतं. परड्यात विहिरीचं किंवा मोरीचं पाणी जिरतं, बाकी काही जगत नाही, असा एखादा कोपरा असतोच. तो केवड्याला द्यावा.

चिखलात मुळांना हवा मिळत नाही आणि झाडाला भक्कम आधारही मिळत नाही. केवडा खोडावरूनच जाड मुळं सोडतो. ती तिरकी खाली येतात, जमिनीत शिरतात, आणि झाड तंबूच्या खुंट्यांवर तोललं जावं तसं उभं राहतं. शाळेत मुळाच्या टोकावरची टोपी बघायला आपण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला होता. केवड्याच्या लोंबत्या मुळाची टोपी नुसत्या डोळ्यांनी दिसते, बोटांनी चाचपता येते. मला या झाडातलं सर्वांत मोठं नवल हेच वाटतं.

त्याच्या एका नातलगाने तर कमालच केली आहे. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर केवड्याच्याच कुळातलं एक झाड वाढतं. त्याच्यावरचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पानांच्या पन्हाळीत पडलेला पाऊस खोडावर येतो, तिथून लोंबत्या मुळांवरच्या खाचांतून घरंगळत मुळाच्या टोकाशी पोचतो, आणि अजून जमिनीला न टेकलेलं ते टोक हे पाणी शोषून घेतं. आपल्या केवड्याची पानंही तशीच पन्हाळीसारखी, तीन रांगांत वळत वर चढणारी. पावसात त्याच्याजवळ उभं राहून पाणी कुठून कुठे जातं, ते एकदा बघावंच.

लावायचा कसा? बी लावलं तर नर येणार की मादी, हे फुलोऱ्यापर्यंत कळत नाही. म्हणून कणीस धरलेल्या नराच्या बुंध्याशी फुटलेलं पिलू मुळांसकट काढावं आणि जूनमध्ये पाऊस लागला की लावावं. पायवाटेपासून, भिंतीपासून चांगलं लांब. झुडूप पसरतं, आणि पानाच्या दोन्ही कडांना काटे, शिवाय मधल्या शिरेला खालूनही काटे. वाळलेली खालची पानं काढताना हाताला गोणपाट गुंडाळावं. आधाराची मुळं अडचण होते म्हणून छाटू नयेत, झाड कलतं. पावसाळ्यात त्याच्याकडे बघायचीही गरज नसते; मार्च ते मे बुंध्याशी ओल राहिली पाहिजे, एवढंच. पहिलं कणीस यायला तीन-चार वर्षं तरी थांबावं लागतं.

नागाची भीती प्रत्येक घरात निघते. वासाने नाग येतो, असं आजीही सांगे. वासाने नव्हे, पण दाट, गार, ओल्या जाळीत बेडूक असतात, उंदीर असतात, आणि त्यांच्या मागे साप येऊ शकतो. म्हणून बुंधा मोकळा ठेवावा, पालापाचोळा साठू देऊ नये, अंधारात हात घालू नये.

केवड्याचं एक भावंड कुंडीतही मावतं. भात शिजताना ज्याचं पान टाकतात, ती बासमतीची पात. तिला काटे जवळपास नाहीतच, फूलही जवळजवळ कधी येत नाही. माणसाने फुटवे लावत लावत ती देशोदेशी नेली. कॅलिफोर्नियातल्या रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी 1983 साली दाखवून दिलं, की सुवासिक तांदळाला जो वास देतो तोच रेणू या पानातही आहे. भात आणि ही पात, दोघांची कुळं वेगळी, आणि वास एकच! बेळगावच्या बासमतीच्या गावाला हे ऐकून आपलंच कौतुक झाल्यासारखं वाटायला हरकत नाही. तिलाही ओल आवडते. परड्यात केवडा असेल, तर त्याच्या सावलीच्या कडेला, काटे टोचणार नाहीत इतक्या अंतरावर, तिची कुंडी ठेवता येते.