अनोळखी कॅमेरा आणि लिनक्स

अंकीय कॅमेरा संगणकाला जोडूनही पडद्यावर काहीच उमटले नाही, म्हणजे तो लिनक्सवर चालणारच नाही, असा निष्कर्ष सहसा काढला जातो. तो बहुधा घाईचा असतो. संगणकाने कॅमेरा पाहिलेला असतो. त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

यूएसबी तारेने जोडला जाताच कॅमेरा आपली ओळख दोन क्रमांकांनी देतो. एक क्रमांक निर्मात्याचा, दुसरा त्या विशिष्ट नमुन्याचा. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने दोन्ही वाचता येतात. ते दिसले, तर तार व जोडणी ठीक आहे असे समजून भाषेचा शोध घ्यावा.

या भाषा मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. काही कॅमेरे संगणकापुढे साध्या डिस्कचे रूप घेतात. काही कॅमेरे पीटीपी ही चित्रांच्या देवघेवीसाठी ठरवलेली प्रमाण पद्धती वापरतात. उरलेले, विशेषतः जुने, निर्मात्याची खासगी भाषा बोलतात.

पहिल्या प्रकारातही घोटाळे संभवतात. साठवणीतील शेवटच्या खंडाचा क्रमांक विचारला असता काही कॅमेरे खंडांची एकूण संख्या सांगतात. मोजणी शून्यापासून होत असल्याने हे उत्तर एकाने अधिक ठरते, आणि संगणक अस्तित्वात नसलेला खंड वाचू पाहतो. लिनक्सच्या गाभ्यात अशा विक्षिप्त उपकरणांची यादीच ठेवलेली आहे. तीत निकॉन डी70 चीही नोंद आहे. तो ओळखू येताच उत्तरातून एक वजा केला जातो.

दुसऱ्या प्रकारासाठी ‘लिबजीफोटो2’ हा मुक्त आज्ञासंग्रह उपयोगी पडतो. नव्या कॅमेऱ्याचे दोन क्रमांक त्याच्या यादीत घातले, की पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

तिसरा प्रकार कष्टाचा आहे. निर्मात्याचा कार्यक्रम व कॅमेरा यांच्यामधील संदेश टिपून, कोणत्या आज्ञेला कोणते उत्तर येते हे पडताळत, ती भाषा उलगडावी लागते. तोवर स्मृतिपत्र, म्हणजे मेमरी कार्ड, बाहेर काढून कार्ड रीडरने वाचणे हा सोपा मार्ग असतो. ज्या कॅमेऱ्यात चित्रे केवळ अंतर्गत स्मृतीत राहतात, तेथे तोही बंद होतो.

निर्मात्याने आपला कार्यक्रम अद्ययावत करणे थांबवले, तर धडधाकट कॅमेराही नव्या संगणकापुढे मुका होतो आणि त्यातील चित्रे अडकून पडतात. एकाने उलगडलेली भाषा मुक्त संग्रहात नोंदवली गेली, तर त्या नमुन्याचा प्रत्येक कॅमेरा पुन्हा वापरात येऊ शकतो.