शिट्टी येते कुठून?

गाडीतल्या जुन्या कॅसेट स्टिरिओला ऑक्स नाही. मग मोबाईलची गाणी आत कुठून घालाल? टेपच्या हेडपाशी घातली तर आवाज फाटतो, कारण तिथला प्रिअँप अगदी क्षीण सिग्नलसाठी बनवलेला असतो. थेट स्पीकरला जोडली तर मोबाईलमध्ये तेवढी ताकद नसते. म्हणून योग्य जागा प्रिअँपच्या पुढे, व्हॉल्यूमच्या अलीकडे.

बाबांच्या गाडीत मी बॅटरी सोडवून तिथेच वायरी जोडल्या, टेपचा सिग्नल तोडायला एक स्विच टाकला. इंजिन बंद असताना मस्त वाजलं. चालू करताच शिट्टी! ॲक्सिलरेटर दाबला की तिची पट्टी चढायची. म्हणजे उगम अल्टरनेटर. मी लगेच स्टिरिओच्या सप्लायला फिल्टर लावला. पैसे गेले, शिट्टी राहिली. आठवड्याने सहज मोबाईलचा चार्जर काढला, तर शिट्टी गायब!

चार्जर आणि ऑक्स, दोघांचं ग्राउंड गाडीलाच, पण वेगवेगळ्या ठिकाणी. या बंद फेऱ्यातला करंट ऑडिओत मिसळत होता. याला ग्राउंड लूप म्हणतात. ऑक्सच्या वायरमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला. त्यात सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, थेट तार उरत नाही. फेरा तुटला.

नॉईज कुठून येतो आणि कुठल्या वाटेने येतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं. लॅबमध्ये तुमच्या रीडिंगमध्ये नॉईज दिसला, तर फिल्टर मागवण्याआधी एकेक वायर काढून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.