गाडी विकली, पण आरसीवर नाव अजून तुमचंच?

पैसे मिळाले, किल्ली दिली, विषय संपला असं अनेकांना वाटतं. कायद्याच्या नजरेत मात्र आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलेलं एक प्रकरण बघा. मालकाने 2007 मध्ये गाडी विकली, ती पुढे आणखी काही जणांकडे गेली, पण आरसीवरचं नाव कुणीच बदललं नाही. 2009 मध्ये अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आली ती या पहिल्या मालकावर! स्टॅम्प पेपरवरच्या करारावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गाडी राज्यातच विकली असेल, तर विकणाऱ्याने 14 दिवसांत फॉर्म 29 भरून आरटीओला कळवायचं. घेणाऱ्याने 30 दिवसांत फॉर्म 30 भरायचा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटलं म्हणून तो निघाला असं धरू नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. गाडी 15 वर्षांची होत आली असेल, तर सौद्याआधी आरसीची मुदत तपासा.

इन्शुरन्स नावावर करण्यासाठीही 14 दिवसच असतात. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे प्रीमियमचा फरक भरायची तयारी ठेवा.