नोंद नसलेला आजा

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातील पूर्वजाचा माग काढणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे दर दहा वर्षांनी होणारी तेथील जनगणना. घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव १८५० पासून तीत लिहिले गेले, परंतु १८५० आणि १८६० या दोन्ही वेळी गुलामांच्या याद्या वेगळ्या केल्या गेल्या आणि त्यांत मालकाच्या नावाखाली गुलामाचे बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण नोंदवले गेले. त्यामुळे कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध अनेकदा १८७० च्या जनगणनेपाशी अडतो. त्यामागे जायचे तर मालकाची मृत्युपत्रे आणि विक्रीखते धुंडाळावी लागतात, कारण पूर्वज तेथे माणूस म्हणून नव्हे, तर ऐवज म्हणून सापडतो.

महाराष्ट्रातील डहाणू-तलासरीत आदिवासी वारली कुटुंबांची वंशावळ अशाच ठिकाणी तुटते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात वारली जमातीचे वर्णन मिळते, पण त्यातून एखाद्या घराचा इतिहास उभा राहत नाही. जमीन ज्याच्या नावावर, त्याचे घराणे फेरफारांतून, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींतून, पिढ्यान्‌पिढ्या वाचता येते. जमीन हातची गेलेला वारली त्या दप्तरातूनही नाहीसा होतो.

या संदर्भात डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा १९३९ चा अहवाल, जो मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीची पाहणी करून लिहिला गेला, वंशशोधकानेही बारकाईने वाचायला हवा. लग्नखर्चासाठी कर्ज घेऊन त्यापोटी सावकाराकडे किंवा जमीनदाराकडे राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची स्थिती त्यात स्पष्टपणे मांडली आहे: कर्ज सहसा फिटत नसे आणि नवऱ्याबरोबर बायकोही राबत असे. इतरत्र लग्नाच्या नोंदीने वंशवृक्षाला नवी फांदी फुटते, येथे मात्र लग्नाची खूण राहिली ती कर्ज म्हणून, आणि तीही धनकोच्या घरी. हा या प्रदेशाच्या इतिहासातील सर्वांत क्रूर व्यवहार म्हटला पाहिजे.

अशा राबणुकीविरुद्ध २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठबिगारी न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला या लढ्यातील वारल्यांवर झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड मारले गेले, आणि त्यांचे नाव हुतात्मा म्हणून इतिहासात आले.

आज वारली विद्यार्थ्याला जात पडताळणीसाठी शपथपत्रासह वंशावळ द्यावी लागते. अनुसूचित जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० रोजी जाहीर झाली, म्हणून त्यापूर्वीचा कागद अधिक वजनदार ठरतो आणि शाळेचे प्रवेश रजिस्टर, कोतवाल बुक म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही, यांत आज्या-पणज्याचा शोध घ्यावा लागतो. ज्यांना शाळेचे दारही दिसले नव्हते त्यांच्या नातवंडांकडे शाळेचा दाखला मागणे अन्यायाचे आहे. तलासरीत अडचण आणखी वाढते. हा भाग पूर्वी उंबरगाव तालुक्यात होता. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातकडे गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. त्यामुळे एकाच कुळातील दोन भावांचे वंशज दोन राज्यांत असू शकतात, आणि रक्ताच्या नात्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडणारी चुलत्याची नोंद सीमेपलीकडच्या कचेरीत शोधावी लागते.