नकाशावर बोट ठेवून पिरॅमिडांची सहल



पिरॅमिड म्हटले की आपल्याला फक्त इजिप्त आठवते. पण दगडांची, विटांची आणि नुसत्या मातीचीसुद्धा मोठमोठी टेकाडे माणसांनी जगभर रचून ठेवली आहेत. लांबलांबचे लोक ती बघायला जातात. आपल्याकडे विमानाचे तिकीट नाही, पण वर्गात जगाचा नकाशा आहे. त्यावर बोट ठेवा आणि चला माझ्याबरोबर.

पहिला मुक्काम इजिप्त. नाईल नदीच्या काठी कैरो शहर आहे. त्याला लागून गिझा येथे खुफू राजाचा पिरॅमिड उभा आहे. पिरॅमिड म्हणजे राजाचे थडगे. हा सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी बांधला. तेव्हा त्याची उंची १४६ मीटर होती. आपला कुतुबमिनार ७२ मीटरांचा. म्हणजे दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी पिरॅमिड थोडा उंचच! त्यात सुमारे २३ लाख दगड आहेत. एकेका दगडाचे वजन सरासरी अडीच टन, म्हणजे पंचवीस क्विंटल. असा एक दगड आपल्या बैलगाडीत घातला तर गाडी जागेवरच बसेल.

हे काम भुतांनी केले, परग्रहावरच्या लोकांनी केले, असे काहीजण सांगतात. ते खरे नाही. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी जुन्या कागदांचे, म्हणजे पपायरसचे तुकडे सापडले. त्यात मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम असतो ना, तसाच हा. आपल्या टोळीने तुरा येथील खाणीतला पांढरा दगड नावेत भरून गिझाला कसा नेला, ते त्याने दिवसवार लिहून ठेवले आहे. पिरॅमिडाजवळ मजुरांची वस्ती, भट्ट्या आणि थडगीही सापडली आहेत. म्हणजे पिरॅमिड आपल्यासारख्याच घाम गाळणाऱ्या माणसांनी बांधला.

तो पांढरा दगड पिरॅमिडाला बाहेरून बसवला होता. पुढे लोकांनी तो काढून कैरोतल्या इमारतींना वापरला. टोकही पडून गेले. आज पिरॅमिडाची उंची सुमारे १३८ मीटर भरते. तिकीट काढून आत जाता येते, पण वाकून चालावे लागते. खोलीत दगडी शवपेटी आहे, तीही रिकामी आणि झाकणाशिवाय. बाहेरून वर चढायला मात्र कायद्याने बंदी आहे.

आता नाईलच्या उगमाकडे बोट सरकवा. सुदान देश लागेल. इजिप्तपेक्षा सुदानात पिरॅमिड जास्त आहेत, पण ते लहान आणि उभट आहेत. मेरोए येथे १८३४ साली फेर्लिनी नावाचा इटालियन माणूस आला. सोन्याच्या लोभाने त्याने कितीतरी पिरॅमिडांची टोके फोडली. एका राणीचे दागिने त्याला मिळाले. ते आता जर्मनीतल्या संग्रहालयांत आहेत आणि पिरॅमिड मात्र टोकाशिवाय उभे आहेत.

आता अटलांटिक महासागर ओलांडून मेक्सिकोत चला. तेथे चोलुला गावी टेकडीवर एक चर्च दिसते. पण ती टेकडी नाही, पिरॅमिड आहे! आकारमानाने जगातला सर्वांत मोठा पिरॅमिड हाच. तो उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा आहे. त्यावर गवत आणि झाडे उगवली. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी वर चर्च बांधले. संशोधकांनी आत सुमारे ८ किलोमीटर बोगदे खणले, तेव्हा एकावर एक कसे बांधत गेले ते समजले.

आता तुम्ही विचाराल, इजिप्त कुठे आणि मेक्सिको कुठे, मग आकार सारखा कसा? खळ्यावर ज्वारीची रास बघा. कोणीही ओतली तरी ती खाली रुंद आणि वर निमुळतीच होते. भिंत सरळ उंच नेली तर कलते, रास कलत नाही. ज्याला खूप उंच आणि खूप वर्षे टिकणारे काही रचायचे आहे, त्याला हाच आकार सापडतो. त्यासाठी एकमेकांना भेटावे लागत नाही.

मेक्सिकोच्या उत्तरेला अमेरिका. मिसिसिपी नदीजवळ काहोकिया येथे सुमारे हजार वर्षांपूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांचे मोठे नगर होते. त्यांनी नुसत्या मातीची शंभराच्या वर टेकाडे रचली. सर्वांत मोठ्या टेकाडाची उंची सुमारे ३० मीटर आणि पायथा सुमारे १४ एकर. चौदा एकरांचे शेत डोळ्यांपुढे आणा! त्यांच्याकडे बैल नव्हते, घोडे नव्हते, चाकाची गाडीही नव्हती. सगळी माती टोपल्यांनी वाहिली. आत खणले की एकेका टोपलीचा ढीग वेगळ्या रंगाने ओळखू येतो म्हणे. आज तेथे दीडशेच्या वर पायऱ्या चढून माथ्यावर जाता येते.

पण नदीपलीकडे सेंट लुईस शहर आहे, तिथे काय झाले ऐका. तेथेही पुष्कळ टेकाडे होती. लोक त्याला टेकाडांचे शहरच म्हणत. शहर वाढत गेले तशी माती उचलत गेले. शेवटचे मोठे टेकाड १८६९ साली संपले. त्याची माती रेल्वेच्या भरावाला गेली. हे जुन्या काळातच घडले असे समजू नका. २०१३ साली बेलीझ देशात माया लोकांचा नोहमुल पिरॅमिड रस्त्याच्या खडीसाठी यंत्राने पोखरला. हजारो हातांनी रचलेले काही दिवसांत गेले.

पुन्हा अटलांटिक ओलांडून इंग्लंडला या. सिल्बरी हिल ही माणसांनी रचलेली टेकडी सुमारे ४,४०० वर्षांची आहे. आत राजा असेल, सोने असेल म्हणून १७७६ साली वरून विहिरीसारखा खड्डा खणला. १८४९ साली बाजूने बोगदा काढला. १९६८ ते १९७० मध्ये अभ्यासासाठी पुन्हा बोगदा काढला. राजा नाही, सोने नाही. उलट २००० साली जुना खड्डा खचला आणि टेकडीच्या माथ्याला भोक पडले. २००७-०८ साली आतले बोगदे चुनखडीने भरून ती सावरली. आता तिच्यावर चढू देत नाहीत, लांबूनच बघायचे.

जपानातही साकाई शहरात ४८६ मीटर लांबीचे थडग्याचे टेकाड आहे. वरून ते किल्लीच्या भोकासारखे दिसते. भोवती पाण्याचे खंदक आहेत. आत कोणालाच जाऊ देत नाहीत. लोक काठावर उभे राहून नमस्कार करतात आणि परत जातात.

आता बोट आपल्या महाराष्ट्रावर आणा. नालासोपारा येथे एका टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते काळजीने खणले, तर तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी आणि ब्राँझच्या आठ मूर्ती होत्या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ पर्यंत खणले. तेथे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, चुली आणि जळके धान्य मिळाले. त्यांनी कुठे काय सापडले ते लिहून ठेवले, म्हणून आपल्याला हे कळते.

आणि आपल्या गावच्या ओढ्यापलीकडचे पांढरीचे टेकाड? ते पिरॅमिडासारखे मुद्दाम रचलेले नाही. जुनी वस्ती पडली, तिच्यावर नवी बसली, असे थरावर थर चढून पांढरी होते. माझी आजी सांगते, पूर्वी माळवदावर टाकायला बाया डोक्यावरून पाटीभर पांढरी माती आणायच्या. आता ट्रॅक्टर येतो. पूर्वेची बाजू भिंतीसारखी कापली गेली आहे. तिच्यात राखेचे काळे पट्टे आणि खापरे दिसतात. एकेक पट्टा म्हणजे वहीचे एकेक पान आहे. खालचे पान सर्वांत जुने. माती ट्रॉलीत पडली की पाने मिसळली, मग ती वही कोणालाच वाचता येत नाही. म्हणून खापरसुद्धा उचलून खिशात घालायचे नाही. ते कोणत्या थरात होते, हेच महत्त्वाचे असते.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. शेताला माती हवी असेल तर तलावातला गाळ आणा. तो दर पावसाळ्यात पुन्हा साचतो, पांढरी पुन्हा साचत नाही. टेकाडात काही दिसले तर गुरुजींना किंवा ग्रामपंचायतीत सांगा, ते पुरातत्त्व विभागाला कळवतील.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सातवीची मुले-मुली टेकाड बघायला जाणार आहोत. खोरे-टिकाव न्यायचे नाही, फक्त वही-पेन्सिल न्यायची. ज्यांना यायचे आहे त्यांनी वर्गप्रमुखाकडे नाव द्यावे.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी