तेरड्याची गौर

"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण आपण क्षणभंगुर वैभवाला लावतों. पण भाद्रपदांत ज्या घरीं तेरड्याची गौर येते, त्या घरीं हे तीन दिवस पुरेसे असतात. अनुराधा नक्षत्रावर तिनें यावयाचें, ज्येष्ठेवर पूजा घ्यावयाची आणि मूळ नक्षत्रावर निरोप घ्यावयाचा. रानांतल्या झाडांची, अनेकांच्या हातांनीं घडलेली ही मूर्ति टिकण्यासाठीं केलेलीच नसते.

गौरींचीं रूपें अनेक आहेत. कोंकणस्थांकडे पाणवठ्यावरचे खडे आणतात, कित्येकांकडे मुखवटे मांडतात, तर कोंकणांतल्या अनेक कुळांत तेरडा पुजतात. गिरणींत कामाला आलेल्या कोंकणी माणसाबरोबर ही चाल परळ-लालबागच्या चाळींत आली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पुष्कळ चाळींच्या जागीं मनोरे उभे राहिले. गौर मात्र येतच राहिली.

तिची घडण साधी आहे. तेरड्याचीं रोपें मुळांसकट घेऊन त्यांची जुडी बांधावयाची, तिला साडी नेसवावयाची, दागिने घालावयाचे. मुळें तोडावयाचीं नाहींत, कारण तींच गौरीचीं पावलें मानतात. कळलावीच्या फुलाला तर लोकांनीं "गौरीचे हात" असेंच नांव दिलें आहे. जिचा कंद विषारी, तिलाही या पूजेंत मान आहे. माणसाला उपयोगी तेवढेंच रान चांगलें, असा हिशेब येथें नाहीं.

ही मूर्ति कोणा एकाची कृति नव्हे. दादर स्टेशनच्या पश्चिमेस फुलबाजाराच्या आसपास, पालघर, शहापूर, कर्जत अशा भागांतून आलेल्या आदिवासी स्त्रिया पत्री आणि रानफुलांचे भारे घेऊन बसतात. कोणतें झाड कोणत्या उतारावर सांपडतें, हें ज्ञान त्यांचें. बांधणें आणि सजविणें घरच्या लेकीसुनांचें. भाव करतांना आपण केवळ पाल्याची किंमत मोजतों. रान ओळखणाऱ्या डोळ्यांची मोजीत नाहीं.

आणि रानाचें देणें? तेरडा एका पावसाळ्याचा जीव. पावसांत उगवावें, श्रावण-भाद्रपदांत फुलावें, आणि बोंड पिकलें कीं स्पर्शासरशीं फुटून बीं उधळावें, एवढाच त्याचा संसार. बोंड पिकण्यापूर्वीं उपटलेलें रोप मागें बीं ठेवीत नाहीं. डोंगरउतार मोकळे होते तोंवर उरलेल्या रोपांनीं ही तूट भरून निघे. आतां शहर त्या उतारांवर चढलें आहे, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतून झाडपाला आणण्यास कायद्याची मनाई आहे. मागणारे हात वाढले. देणारी जमीन आकसली.

यावर प्लास्टिकचा तेरडा हा उपाय नव्हे. तो वर्षानुवर्षें टिकेल. पण तो ना पावसाची वाट पाहील, ना मातींत मिसळेल. त्यापेक्षां एकच जुडी घ्यावी, योग्य मोल द्यावें. जुडीवर पिकलेलीं बोंडें असलीं, तर समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत न सोडतां त्यांचें बीं कागदाच्या पुडींत जपावें आणि पुढच्या ज्येष्ठांत गॅलरींतल्या कुंडींत पेरावें. माहेरवाशिणीला रित्या हातानें पाठवूं नये, हें आपणांस ठाऊक आहे. ही माहेरवाशीण रानांतून येते. तिची ओटी बियांनीं भरावी.