जुन्या वृत्तपत्रांतील जोशी



जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळण्याचा नाद ज्यांस आहे, त्यांना एक अनुभव हटकून येतो. एकच आडनांव चाळीस-पन्नास वर्षांच्या बातम्यांतून पुनःपुन्हां भेटत राहतें, आणि मन तीं सारीं माणसें एकाच घराण्याच्या सूत्रांत ओवूं लागतें. घराण्याचा वंशवृक्ष लिहितांना ही ओवणी मोठा घोटाळा करिते. कारण तिच्यामुळें एकाच्या कष्टाचें श्रेय दुसऱ्याच्या पदरांत पडतें. तो घोटाळा होतो कसा व टाळावा कसा, हें आज ‘जोशी’ या एकाच आडनांवावरून पाहूं.

‘जोशी’ हें ‘ज्योतिषी’ या शब्दाचेंच झिजलेलें रूप. पंचांग सांगणारा गांवोगांव असे. म्हणून जोशीहि गांवोगांव झाले. महाराष्ट्राप्रमाणेंच गुजराथेंत व कुमाऊंच्या डोंगरांतहि ते आहेत. हें आडनांव वृत्तीचें आहे, रक्ताचें नव्हे. याचा उत्तम पुरावा डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रांत सांपडतो. १८६५ सालीं कल्याणच्या जोशांच्या घरीं जन्मलेली यमुना गोपाळराव जोशांची पत्नी झाली. माहेर जोशी आणि सासरहि जोशी! सगोत्र विवाह निषिद्ध मानणाऱ्या त्या काळीं हा संबंध जुळला, यावरूनच दोन्ही घराणीं मूळचीं भिन्न होतीं हें उघड आहे.

दुसरी अडचण आद्याक्षरांची. पुणें सार्वजनिक सभेच्या इतिहासांत ‘जी. व्ही. जोशी’ हें नांव वारंवार येतें. पण हे गृहस्थ दोन आहेत. पहिले वकील गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. १८७० सालीं सभा स्थापन करण्यांत ते पुढें होते; १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेषांत गेले; आणि १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांचें वकीलपत्र त्यांनीं घेतलें. दुसरे गणेश व्यंकटेश जोशी (१८५१–१९११), पेशानें शिक्षक व मुख्याध्यापक. हिंदुस्थानच्या अर्थस्थितीवर त्यांनीं सभेच्या त्रैमासिकांत अभ्यासपूर्ण लेख लिहिले. मराठींत ‘ग. वा.’ आणि ‘ग. व्यं.’ असें लिहिलें कीं भेद तत्काळ कळतो; इंग्रजी आद्याक्षरांत तो बुडतो. काकांची कीर्ति मोठी, म्हणून शाळामास्तराचें काम त्यांच्या नांवावर जमा व्हावें, हा न्याय नव्हे.

तिसरी अडचण वर्णलेखनाची. आनंदीबाई १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या आणि मार्च १८८६ मध्यें डॉक्टर झाल्या. त्यांच्या आडनांवाच्या इंग्रजी लेखनांत शेवटीं ‘आय’ नसून दोन ‘ई’ असत. आज जुनीं पत्रें संगणकावर शोधतां येतात. परंतु यंत्र सांगितलेलीं अक्षरेंच शोधतें. एकच वर्णलेखन देऊन थांबणाऱ्यास आनंदीबाई भेटणारच नाहींत.

चौथी अडचण समान कार्यक्षेत्राची. १९२९ च्या सुमारास कामगार चळवळीच्या बातम्यांत नुसतें ‘जोशी’ आलें तर कोण समजावें? कामगारांचे प्रतिनिधि म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळांत बसणारे नेमस्त ना. म. जोशी, कीं मीरत खटल्यांत आरोपी असलेले अलमोड्याचे कम्युनिस्ट तरुण पूरणचंद जोशी? एकाचें विधान दुसऱ्याच्या तोंडीं घातलें, तर दोघांचेहि विचार उलटेपालटे होतील.

यावर उपाय कष्टाचा असला तरी सोपा आहे. प्रत्येक बातमीपुढें पूर्ण नांव, बापाचें नांव, गांव, व्यवसाय आणि तारीख अशीं पांच घरें आंखावीं. निदान तीन घरें जुळल्यावांचून दोन बातम्या एकाच माणसाच्या मानूं नयेत; आणि एक घर जरी उघड विरुद्ध गेलें, तरी तेथेंच थांबावें. तारखेचें बळ पाहा: सार्वजनिक काका जुलै १८८० मध्यें वारले आणि ‘केसरी’ निघाला ४ जानेवारी १८८१ रोजीं. तेव्हां ‘केसरी’च्या अंकांत सभेचें काम करतांना दिसणारा जोशी काका असूंच शकत नाहीं. एका तारखेनें वाद मिटतो!

जें घर भरत नाहीं, तें कोरेंच ठेवावें. पूर्वजाच्या अभिमानानें तें भरण्याचा मोह फार होतो; परंतु त्या मोहाची किंमत कोणा तरी निराळ्या मृत माणसास द्यावी लागते, आणि तो उठून तक्रार करूं शकत नाहीं. त्याची बाजू राखणें हें वाचणाऱ्याचें कर्तव्य होय.